मळी काढणारा धाकलू

कुंभिवलीच्या पोलाद कारखान्यात भट्टीच्या तोंडाशी धाकलूनं बावीस वर्षं काढली. खनिजापासून केलेलं कच्चं लोखंड तिथं वितळायचं आणि त्यातला दगडमातीचा अंश मळी होऊन वर तरंगायचा. धाकलू त्यावर पावडर भुरभुरायचा आणि मळी गोळा झाली की लांब सळईनं ती ओढून काढायचा. असलं तापदायक काम मनापासून आवडणारा माणूस साऱ्या खालापुरात हा एकच असेल!

कारण मळी निघाली की खालचा लोखंडाचा रस उघडा पडायचा. डोळ्यांवरच्या निळ्या काचेतून तो नितळ, हलता उजेड बघताना धाकलू भट्टीपाशी उरतच नसे. त्यात कधी गावाकडचं, कळंबचं, पाण्यानं भरलेलं भातखाचर दिसायचं, कधी लहानपणीच गेलेली बहीण भागी. खेळ दोन-चार क्षणांचाच, पण त्यासाठी तो घरून लवकर निघायचा आणि घरी परतल्यावरही त्याच तंद्रीत जेवायचा.

यंदा मात्र रस नितळ होईनासा झाला. कितीही ओढा, वर धुरकट साय राहायचीच. मालच भेसळीचा येतोय म्हणून तो सगळ्यांवर करवादायचा आणि पुन्हा सळई घालायचा. शेवटी पाळीचा मुकादम जगदीश, ज्याला हे काम धाकलूनंच शिकवलं होतं, त्यानं त्याचा हात धरला.

"दादा, मगासपासनं चांगलं लोखंड ओढताय तुमी. मळी कवाच निघाली. तुमच्या डोळ्यांतच काय तरी हाय."

धाकलू सळई ठेवून डोळे दाखवायला गेला. कर्जतच्या डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशन केलं तर दिसेल, पण भट्टीपुढं पुन्हा उभं राहायचं नाही. नाही केलं तर धुकं दाटतच जाणार. म्हणजे तो उजेड दोन्हीकडून गेलाच. आठवडाभर धाकलू ओटीवर बसून रडला, अगदी लहान मुलासारखा. शेवटी बायको जना त्याला धरूनच दवाखान्यात घेऊन गेली.

पट्टी सुटली त्या सकाळी समोर जनाच बसली होती. तो तिच्याकडे बघतच राहिला. कपाळावरच्या रेघा, पांढऱ्या बटा, हनुवटीजवळचा भाजल्याचा डाग. यातलं काहीच त्याच्या ओळखीचं नव्हतं.

"तू कवा गं म्हातारी झालीस?"

जनानं त्याची मान मागं केली, डोळ्यात औषधाचे थेंब घातले.

"तुमी भट्टीत बघत व्हता, तवा," ती म्हणाली.