स्वप्नं मागणारा साहेब

दर सोमवारी सकाळी तो टोमॅटोच्या पालथ्या घातलेल्या कॅरेटवर चढून उभा राहायचा आणि आमच्याकडे स्वप्नं मागायचा. "बोला मंडळी, आज कोणतं स्वप्न घेऊन आलात?" हात दोन्ही बाजूंना पसरलेले, शर्ट पांढराशुभ्र. टोमॅटोच्या कारखान्यात पांढरा शर्ट घालणारा माणूस काम किती करत असेल, हे आमच्या बायकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

नाव जगदाळे. नारायणगावाहून खोडदकडे जाताना आमचा कारखाना लागतो. टोमॅटोचा गर काढून डबाबंद करणारा. मी तिथं स्टोअर सांभाळायचो. शेठजींनी त्याला मॅनेजर म्हणून पुण्याहून आणलं. आल्या आल्या त्यानं बजावलं, "साहेब म्हणू नका, सर म्हणू नका. कोच म्हणा." आमच्या लोकांना कुणाला अशी नुसती हाक मारायची सवय नाही, म्हणून तो 'कोचसाहेब' झाला. मी त्याच्याविषयी इथं एकेरीत लिहितोय. तोंडावर अहोजाहो करायचो, ते पगारासाठी.

त्याची वाक्यं ठरलेली असत. "छोटा सोचना पाप है, भाई!" मग खोडदच्या बाजूला दिसणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांकडे बोट. "ते बघा, तिथली माणसं आकाशाचं ऐकतात. आणि तुम्ही? तुमचे कान जेवणाच्या भोंग्याकडे." आणि सगळ्यात लाडकं वाक्य, "पडा! बिनधास्त पडा. मला पडणारी माणसं आवडतात. तुम्ही पडा, झेलायला मी आहे."

सुरुवातीला लोकांनी खरंच सांगितलं. पॅकिंगमधली एक म्हातारी बाई लाजत लाजत म्हणाली, "उन्हाळ्यात लई उकडतं, कोचसाहेब. पॅकिंगला एक पंखा पायजे व्हता." हा मान हलवत हसला. "मावशी, हे स्वप्न नाही, ही तक्रार आहे. मोठं बघा!" सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मावशी त्यानंतर कधी बोलली नाही, आणि पंखाही आला नाही.

त्याचं बोलणं मनावर घेतलं ते एकटीनं, सुनंदाबाईंनी. निरगुडसरच्या. माल निवडणाऱ्या बायकांच्या मुकादम. बाई गरीब गाय वगैरे अजिबात नव्हत्या. आवाज असा, की मशीन चालू असताना पलीकडच्या शेडमधला माणूस दचकायचा. त्यांच्या सासऱ्यांची अजून मेंढरं होती. भाव पडला की शेतकरी रस्त्याच्या कडेला टोमॅटो ओततात आणि त्यात मेंढरं चरतात, हे त्या दर हंगामात बघत आलेल्या.

एका सोमवारी त्या म्हणाल्या, "कोच, पिकलेला माल कारखान्यात येईस्तोवर निम्मा फुटतो. म्हणून शेतकरी आणतच न्हाई, फेकून देतो. आपण गर काढायचं मशीन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसवू. बांधावर जाऊ. तिथंच गर काढू, क्यानात भरून लगोलग हितं आणू."

कोच कॅरेटवरून खाली उतरला. असं कधी झालं नव्हतं. त्यानं सुनंदाबाईंचा हात धरून उंच केला. "हे! याला म्हणतात स्वप्न!"

मग काम सुरू झालं. म्हणजे सुनंदाबाईंचं आणि दशरथ फिटरचं. ड्युटी संपली की दोघं शेडमागं जुनी ट्रॉली घेऊन बसायची. भंगारातला ड्रम, बंद पडलेल्या मशीनची जाळी, मी स्टोअरमधून काढून दिलेले नटबोल्ट. ड्रम फिरवणारा पट्टा तेवढा नवा हवा होता. सुनंदाबाई तीनदा मागायला गेल्या. कोच म्हणाला, "अडचणीतूनच कल्पना जन्मते." पट्टा जुनाच बसला. मधूनअधून तो यायचा, पाना हातात घेऊन फोटो काढायचा आणि पाना परत द्यायचा. पाना उलटा धरलाय, हे दशरथनं त्याला एकदाही सांगितलं नाही.

यंत्र चालतंय म्हटल्यावर त्यानं शेठजींना बोलावलं. शेठजींच्या घराण्याचं मूळ राजस्थानातलं, पण माणूस आमच्यापेक्षा रांगडं मराठी बोलणारा. एका शेतकऱ्याच्या बांधावर खुर्च्या मांडल्या. कोचनं भाषण केलं, 'मी', 'माझी संकल्पना', 'माझी टीम'. सुनंदाबाईंनी टोमॅटो ओतले, दशरथनं ट्रॅक्टर सुरू केला. लालभडक गर क्यानात पडायला लागला. शेतकरी पुढं सरकले. दुसरं क्यान निम्मं भरलं आणि फटकन पट्टा तुटला. सालं, बिया, रस, सगळं उडालं ते त्या पांढऱ्या शर्टावर.

कुणीतरी हसलं. कोचचा चेहरा उतरला, आणि झेलायला उभा असलेला माणूस तेवढ्यात बाजूला झाला. शेठजींना म्हणाला, "मी यांना आधीच सांगितलं होतं, हे जमणार नाही. पण ही माणसं ऐकत नाहीत."

शेठजी म्हणाले, "आवं, पट्टाच तुटला न्हवं? दुसरा बसवा की."

"नाही शेठ. शिस्तीचा प्रश्न आहे. मी बघतो."

सुनंदाबाई रसानं भरलेले हात तसेच धरून त्याच्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची मुकादमी गेली आणि त्यांना कॅरेट धुवायला बसवलं.

पुढच्या सोमवारी हा माणूस पुन्हा कॅरेटवर! "बोला, आज कोणतं स्वप्न?" लोक जमिनीकडे बघत उभे. ओल्या हातांनी सुनंदाबाई पुढं आल्या.

"आमी सांगून दमलो, कोच. आज तुमी सांगा. तुमचं सपान काय?"

"माझं? तुमची स्वप्नं हेच माझं स्वप्न!"

"ती आमची झाली. तुमचं सांगा की."

तो हसला. मग थांबला. एवढे सोमवार दुसऱ्यांकडे मागत आलेल्या त्या माणसाकडे आपलं असं काहीच नव्हतं. तोंड उघडं राहिलं आणि आत रिकामं दिसलं. मला क्षणभर त्याची कीव आली. पण तो म्हणाला, "वेळ झाली, कामाला लागा," आणि कीव गेली. सुनंदाबाईंनी एप्रन काढून माझ्या हातात दिला आणि त्या फाटकाबाहेर पडल्या. महिनाअखेरीस दशरथनंही काम सोडलं.

कोच नंतर वर्षभरही टिकला नाही. सोमवारी कुणीच तोंड उघडेना, तेव्हा 'इथल्या मातीत स्वप्न रुजत नाही' म्हणून तो पुण्याला परतला. आता तो हॉल घेऊन व्याख्यानं देतो. सुनंदाबाईंनी दशरथला घेऊन निरगुडसरला नवी ट्रॉली बांधली. मंचरपासून ओझरपर्यंत ती बांधाबांधावर फिरते, आणि तिचा गर आमचेच शेठजी घेतात.

गेल्या हंगामात मी सुनंदाबाईंच्या ट्रॉलीवरून क्यानं आणायला एका शेतात गेलो होतो, तेवढ्यात जगदाळेचा मला फोन. त्याला सुनंदाबाईंशी बोलायचं होतं. व्याख्यानात त्यांची गोष्ट सांगायची होती. मी फोन पुढं केला. बाईंनी हात पुसला, स्पीकर लावला आणि फोन ट्रॉलीच्या कडेवर ठेवला.

"सुनंदाताई, मला तुमचा किती अभिमान वाटतो! तुमच्यातली ठिणगी मी पहिल्याच दिवशी ओळखली होती..."

बाईंनी दशरथला खूण केली. ट्रॅक्टर धडधडला, ड्रम फिरायला लागला, आणि बाई टोमॅटो ओतायला वळल्या. फोनमधून बारीकसा आवाज येत राहिला. तो अजून बोलत होता.