डुप्लिकेट कुरण

चर्च तिसऱ्यांदा नदीत गेलं, तेव्हा मी माउस बाजूला ठेवला.

अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात मी नकाशांचं काम करतो. जुन्या नकाशावरच्या खुणा आजच्या नकाशावर नेमक्या बसवायच्या, याला जिओरेफरन्सिंग म्हणतात. या वेळी समोर होता मध्ययुगाच्या अखेरचा एक इंग्लिश नकाशा. एक मठ आणि एक गाव एका कुरणावरून कोर्टात गेले होते, त्या खटल्यासाठी काढलेला. नाशिकची ऋचा त्यावर पीएचडी करत होती. गुरुवारी पीएचडी कमिटीला नकाशात हा वाद दिसला नाही तर विषय बदला, असं तिच्या गाईडने बजावलं होतं.

नकाशा काही केल्या बसेना. चर्च टेकडीपेक्षा मोठं. निम्मी अक्षरं उलटी. आधी वाटलं, स्कॅन चुकला. मग वाटलं, काढणाराच कच्चा असणार. तीन दिवसांत माझं डोकं पार चक्रावलं.

बुधवारी ऋचा आली. स्क्रीन बघून तिचा चेहरा उतरला.

"काका, कुरण तर सरळ मठाचंच दिसतंय. मग वाद कुठे राहिला? माझा थिसिस संपला की!"

"नकाशात आहे तेच दाखवलंय. मी फक्त डेटा क्लीन केला."

"क्लीन म्हणजे?"

"कुरणावर दोन लेबलं होती, एक उलटं. डुप्लिकेट म्हणून डिलीट केलं." दोन्ही मला सारखीच दिसली होती. लॅटिन मला कुठे येतं!

मूळ नकाशाची प्रिंट काढून तिने टेबलावर पसरली.

"हे बघा. इथून वाचलं तर 'मठाचं कुरण'." मग ती वळसा घालून समोरच्या बाजूला गेली. तिथून उलटी अक्षरं सुलटी झाली. "आणि इथून, 'गावाचं कुरण'. काका, कोर्टात दोन्ही पक्ष टेबलाभोवती उभे असणार!"

"आणि चर्च एवढं मोठं का?"

"खटल्याच्या जबान्यांत सगळे साक्षीदार चर्चपासूनच वाट सांगायला लागतात."

म्हणजे नकाशा मोजायला नव्हताच, भांडायला होता. आणि अर्धं भांडण मीच पुसलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेबल परत टाकलं. गुरुवारी ऋचाने कमिटीलाच टेबलाच्या दोन बाजूंना उभं केलं. तिचा विषय बचावला.

"शेवटी कुरण मिळालं कोणाला?" मी विचारलं.

"निकालाचा कागदच सापडत नाही, काका."

चर्च अजूनही नदीतच आहे. डिलीट करण्याआधी मात्र मी आता टेबलाला एक चक्कर मारतो.