पासपोर्टची पानं

"पासपोर्ट ठेकेदाराच्या हाती दिलाच काहून?" कळमनुरीच्या एसटीडी बूथमध्ये सोनाजी फोनवर लेकाशी भांडत होता, ते बाहेर उभ्या बायकोला, केशरबाईलाही ऐकू आलं. रत्नपाल केनियात बोअरच्या गाडीवर कामाला होता. शेजारच्या युगांडात कामाचा व्हिसा काढायला ठेकेदारानं त्याचा पासपोर्ट नेला होता.

"बाबा, व्हिसा असाच निघतो."

"अन् त्यो दाबून बसला तर घरी कसा येशील?"

महिन्याभरात पासपोर्ट व्हिसासकट परत आला. सोनाजीला काही पटेना. "फोनजवळ धरून पानं वाजव," म्हणाला. पुढं दर आठवडी बाजारी हेच.

"वहीचीबी पानं वाजतात की," केशरबाई हसायची.

"त्याचा कागद येगळा वाजतो."

सोनाजी वारला त्याच्या आदल्या बाजारीही तो काठी टेकत बूथवर गेला. पोरगं बोलायच्या आत म्हणाला, "हं, वाजव."