कॅसेटवरचा फोटो आणि दादाची हलगी

चुडाव्याच्या स्टेशनात पॅसेंजर टेकते न टेकते तोच सुटते. त्या दिवशी आम्ही आधी वाद्यं चढवली आणि मग स्वतः चढलो. माझा बेंजो, पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतल्या जोसेफची गिटार, ढोलकी, आणि गोधडीत तान्ह्या लेकरासारखी गुंडाळलेली दादाची हलगी. आई खिडकीला धरून सांगत होती, "हलगीला गारवा लागू दिऊ नका रे. अन् दादाला एकट्याला सोडू नको." सखारामदादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गाण्याची पार्टी त्याची, चाली त्याच्या. मी हसून म्हणालो, "आई, मुंबईला चाललोत, काशीला न्हाई."

तुम्हा गाववाल्यांतले जे मागं गावातच राहिले त्यांनी आमची पार्टी समोर बसून ऐकलेली आहे. जे माझ्यासारखे पोटामागं बाहेर पडले त्यांनी बहुतेक नुसती कॅसेट ऐकली असेल. म्हणून आधीचं थोडं सांगतो.

आमच्या बापानं जन्मभर हलगी वाजवली ती दुसऱ्यांच्या वरातीपुढं, मांडवाच्या बाहेर उभं राहून. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत दादानं ठरवलं, आता आपल्या वस्तीत आणि आपल्या माणसांसाठी वाजवायचं. जोसेफ गिटारच्या जाड तारा अशा छेडायचा की हलगीखालची जमीन घुमायला लागली असं वाटे. जाणत्यांनी नाकं मुरडली. "ह्ये बँडबी न्हाई अन् भजनबी न्हाई," म्हणाले. पण तरणी पोरं पार येडी झाली. एका सायकलीवर तिघं बसून सेलू-पाथरीपर्यंत आमच्या मागं यायची. रेडिओनं आम्हाला विचारलं नाही, पेपरात नाव नाही, तरी गाणी वस्त्यावस्त्यांत तोंडपाठ.

हलगीचं कातडं तापवल्याशिवाय बोलत नाही. दादा कडेला कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा आणि जाळ दिसला की शिट्ट्या सुरू. तापल्या हलगीवर पहिली गाणी उडती, नाचायची. मग कातडं निवत जाई, आवाज उतरे, आणि आम्ही सगळे तिच्यासोबत खाली यायचो. मी बेंजोच्या तारा सैल करायचो, जोसेफ गिटारच्या. तेव्हा नामांतराची संथ गाणी निघायची, जळालेल्या घरांची. नाचून दमलेली माणसं डोळे पुसत बसायची. मग पुन्हा जाळ. कोणतं गाणं कधी म्हणायचं हे ठरवणारी हलगी, आम्ही नव्हे.

मुंबईत ज्या कॅसेट कंपनीनं बोलावलं होतं तिचा माणूस आम्हाला बघून खूश झाला. आल्याआल्या कॅसेटसाठी फोटो काढला, मधोमध हलगी घेतलेला दादा. मग स्टुडिओ. एअरकंडिशनची गार खोली, खाली गालिचा. हलगी बघता बघता मुकी झाली. दादानं साधेपणानं विचारलं, "जाळ कुठं करू?" सगळे हसले. टेबलावरच्या दिव्याच्या बल्बवर तापवून पाहिली, तरी एका गाण्याचा आवाज दुसऱ्याशी जुळेना. शेवटी त्यांनी कातड्याऐवजी प्लॅस्टिकचं पान ताणलेली हलगी वाजवणारा त्यांचा माणूस बोलावला. ती तापतही नाही आणि निवतही नाही. नामांतराची गाणीही नकोत, लग्नातली द्या, असं वर ऐकवलं. दादा मांडीवर गोधडी घेऊन ऐकत होता. म्हणाला, "तुमी करा. माझ्यापायी तुमची भाकर जायला नको." दुसऱ्या दिवशी तो एकटाच गाडीत बसला.

कॅसेट तुफान चालली. पानटपरीवर, जीपमध्ये, लग्नाच्या मांडवात, जिथं जावं तिथं आम्हीच. मी खोली घेतली, बेंजोला नवा ॲम्प्लिफायर घेतला. कॅसेटवर फोटो मात्र तोच राहिला, मधोमध दादाचा.

दादाच्या लेकीच्या, सुनीताच्या लग्नाला मी सगळी पार्टी, कॅसिओची इलेक्ट्रिक पेटी वाजवणारा नवा पोरगा धरून, गावी नेली. मनात एकच होतं. दादानं एकदा वाजवावं, लोकांनी त्याला उचलून धरावं आणि मी त्याला सोबत घेऊन परत यावं. कंपनीला सांगायचं, हलगी वाजेल तर हीच.

सकाळी हॉटेलात चहा घेताना गावकरी म्हणाले, "सखारामाची हलगी काय कडाडायलीय कॅसेटात!" फोटो बघून सगळं गाव धरून चाललं होतं की ती हलगी दादाचीच. दादा मान खाली घालून चहा फुंकत होता. त्यानं वहिनीलासुद्धा खरं सांगितलेलं नव्हतं.

दुपारी दादानं जाळ केला. हलगी कडाडली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पण कातडं निवायला लागलं तसा माझा हात सवयीनं तारा सैल करायला गेला, आणि कॅसिओचे सूर ठरलेले, तो काही खाली येईना. सगळं बेसूर झालं. लोकांत चुळबुळ. हळदीच्या अंगानं सुनीता पुढं आली नि लाडानं म्हणाली, "आबा, असं काय करायलाव? कॅसेटात वाजिवलं तसं वाजवा की!"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. दादानं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच नको म्हणून मान हलवली. मग लेकीला म्हणाला, "हात गेला गं माझा. वय झालं. कॅसेटच लावा."

कॅसेट लागली. लोकांनी दादाला खांद्यावर घेतलं आणि त्या प्लॅस्टिकच्या हलगीवर मनसोक्त नाचले. तो वरून सगळ्यांना हात जोडत होता. त्याची हलगी जाळापाशी पडून होती. त्यानंतर त्यानं ती कधी तापवली नाही.

दादा गेल्यावर मी गावात खरं काय ते सांगून पाहिलं. कुणी मानलं नाही. उलट मलाच कॅसेटवरचा फोटो दाखवतात, म्हणतात, भावाचं नाव मोठं झालेलं बघवत न्हाई का? मुंबईत लोक विचारतात, गावी घर आहे ना? आहे. ज्या गावात माझ्या भावाचं नाव पोराटोरांना पाठ आहे आणि त्याची हलगी एकालाही आठवत नाही, तिथं आहे.