विकलेली सेमीफायनल

आमच्या कॉलेजचा कॅप्टन इतका लबाड होता की टॉस उडवताना नाणंसुद्धा त्याच्याकडे संशयाने बघायचं. आखातातल्या अल कुसैसच्या वाळूच्या ग्राऊंडवर शुक्रवारी सकाळी सेमीफायनल होती. आमची शेवटची जोडी खेळत होती, म्हणजे तो आणि मी. धावगतीत आम्ही केसभर पुढे होतो.

ओव्हर संपल्यावर तो जवळ आला. "मॅच विकलीय मी. तू रनआऊट हो."

"तूच हो ना."

"माझं सिलेक्शन आहे पुढच्या महिन्यात."

कॉलेजातलं माझं ते शेवटचं वर्ष होतं आणि मला फायनल खेळायची होती. त्या क्षणी त्याला वाळूत उभा पुरावा, वर फक्त हेल्मेट दिसू द्यावं, असं वाटलं. तो प्रत्येक बॉलला "यस" ओरडत अर्ध्या पिचपर्यंत धावायचा. मी क्रीझमध्ये खांबासारखा उभा. मग शिव्या देत तो परत पळायचा. मी मात्र बुटांच्या नाड्या अशा बांधत होतो, जणू जहाज बांधतोय.

कारण हा शहाणा एक गोष्ट विसरला होता. आमचे अंपायर रत्नागिरीचे चाचा. जुम्म्याची अजान झाली की ते मॅच थांबवायचे आणि धावगतीवर निकाल द्यायचे.

अजान झाली. चाचांनी बेल्स उचलल्या. "खलास. तुम्ही जिंकलात, पोरांनो."

रास अल खोरहून आलेल्या पिकअपमधून मॅच विकत घेणारे दोघे उतरले आणि कॅप्टनला बोट दाखवून म्हणाले, "हबीबी, इधर आ."

"चल ना माझ्याबरोबर," कॅप्टन मला म्हणाला.

"तू हो पुढे," मी म्हणालो आणि सावकाश पॅड सोडत बसलो.