त्या वाटेला काम निघालं की

माझे वडील कधी ओरडले नाहीत. हात उगारणं तर दूरच. गावात कुणालाही विचारा, देवमाणूस म्हणतील. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पृथ्वी वाचवायचं मनावर घेतलं आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. घरात आई होती.

मालवणातल्या आमच्या घरी कुकरची एक शिट्टी झाली की गॅस बंद व्हायचा. अर्धवट शिजलेला भात गवत भरलेल्या लाकडी पेटीत स्वतःच्या वाफेवर शिजायचा, म्हणजे बहुतेक वेळा शिजायचा. थंडीत फ्रीजला सुट्टी. खोलीतून माणूस बाहेर पडायच्या आत दिवा विझलेला असायचा, कधीकधी माणूस आत असतानाच. आई अंधारात चाचपडत मिठाचा डबा शोधायची आणि बाबा ओटीवरून विचारायचे, "इतक्या वर्सांत मीठ खंय आसा ता ठावक नाय तुका?"

आणि वाईट म्हणजे बाबांचं खरं होतं. मोहोर वेळेवर येत नाही, बांगडा किनाऱ्यापासून लांब गेला, एप्रिलमध्ये दुपारी ओटीवर बसवत नाही, हे मलाही दिसतं. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. बाबांशी भांडायला गेलं की आपणच आडमुठे ठरायचो.

गाडीचे नियम तर आणखी कडक. उतार लागला की ते इंजिन बंद करायचे. सड्यावरून खाडीकडे उतरताना आमची गाडी नुसत्या वाऱ्याच्या आवाजात खाली घरंगळायची आणि आई डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. मला गाडी शिकू दिली नाही, कारण शिकणारा माणूस कुठेही न जाता पेट्रोल जाळतो. सगळ्यात मोठा नियम असा, की एका कामासाठी गाडी बाहेर काढायची नाही. एका दिशेची कामं साठू द्यायची, पुरेशी साठली की सगळी एका फेरीत उरकायची. बँक, दळण, गॅस, डॉक्टर, सगळं या नियमात बसत होतं. बसली नाही ती माझी मावशी.

मावशी विजयदुर्गला राहायची. आईहून मोठी, आईला तिनेच वाढवलेलं. पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली आणि डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं, याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. ती रोज फोन करायची. पलीकडून आवाज इतका बारीक यायचा की आई दुसऱ्या कानात बोट घालून ऐकायची. बोलणं एकच.

"कधी येतंस गो?"

"येतंय गो अक्का. ह्येंका त्या वाटेक काम निघाला काय येतंय."

मरणाच्या दारात असलेल्या बहिणीला बघायला जाणं हे बाबांच्या हिशेबी एकच काम होतं. आईने विचारलं की ते शांतपणे म्हणायचे, "तेवढ्यासाठी गाडी काढूची? आणखी काय काम निघांदे, मगे जावया." एसटी आईला झेपत नव्हती. गुडघ्यांमुळे पायऱ्या चढता येत नव्हत्या आणि त्या वळणांवर ती अर्ध्या वाटेत ओकून गलितगात्र व्हायची. मी कुडाळला नोकरीला, सुट्टीला घरी येणारी. एकदा मी परस्पर भाड्याची गाडी सांगितली. बाबांनी फाटकातच ड्रायव्हरला चहा पाजला आणि कचेरीतल्या शुद्ध मराठीत "आपल्याला विनाकारण त्रास झाला" म्हणून वाटेला लावलं. मग मला म्हणाले, "दारात एक गाडी उभी आसताना दुसरी धूर काढीत आणूची? शिकलंस कशाक?" त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी आईनेच माझ्यापुढे हात जोडले. "परत असा करू नको गो."

मग आईने तिच्या परीने डोकं चालवलं. तिने मिक्सर पाडला. मुद्दाम, दोन्ही हातांनी उचलून, मी स्वतः पाहिलं. जामसंड्याला मिक्सर दुरुस्त करणारा एक चांगला माणूस होता आणि जामसंडं विजयदुर्गच्या वाटेवर. बाबांनी मिक्सर ओटीवर घेतला, दुपारभर खटपट केली आणि चालू करून दाखवला. इतके खूश होते! "बगलंस? जामसंड्याक जावची गरज नाय." आई "बरा झाला" म्हणाली आणि मागच्या पडवीत जाऊन खूप वेळ भांडी घासत बसली.

स्वतःच्या घरात काम सापडेना, तेव्हा ती दुसऱ्यांच्या घरी मागायला लागली. शेजारणींना विचारत फिरायची, विजयदुर्गच्या वाटेवर, देवगडच्या बाजूला कुणाला काही धाडायचंय का? बायका हुशार असतात, न सांगता समजल्या. कुणी भावासाठी कोकमं दिली, कुणी कुणाच्या बाळासाठी दुपटी. संपलेल्या बॅटऱ्या नि फुटके दिवे एका दुकानात गोळा करतात असं आईला कुठूनसं कळलं. दुकान देवगडात होतं. तिने वाडीभर फिरून पोतडीभर बॅटऱ्या जमवल्या. हे मात्र बाबांच्या काळजाला भिडलं. "आता कसा! आता फेरी भरली." आईच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो आनंद होता तो आठवला की मला आजही बाबांचा गळा धरावासा वाटतो.

राहिले फक्त पापड. शेजारच्या काकींची मुलगी वाटेतल्या आचऱ्याला दिलेली, तिच्यासाठी फणसाचे पापड न्यायचे होते आणि ते वाळत नव्हते. आभाळ रोज मळभलेलं. आई म्हणाली, पापड राहू देत. बाबा म्हणाले, "तिका शब्द दिलंस मा तू? मगे पापडांसाठी वेगळी फेरी मारूची?" शब्द तिनेच दिला होता, काम तिनेच मागून आणलं होतं. रोज सकाळी त्या दुखऱ्या गुडघ्यांनी शेजारच्या खळ्यात जाऊन बसायची, एकेक पापड उलटा करायची, कावळे हाकायची, वर आभाळाकडे बघायची. फोन वाजला की चिकट हातांनीच उचलायची. "येतंय गो अक्का. ऊन पडला काय येतंय."

ऊन पडायच्या आधी मावशी गेली. सकाळी तिच्या मुलाचा फोन आला, मी सुट्टीला घरी होते. बाबा हळहळले, खरंच हळहळले, डोळे पुसले. मग म्हणाले, "कधी उचलतत ता इचार." दुपारच्या आत, असं पलीकडून सांगितलं. बाबांनी घड्याळ बघितलं, वेळ आहे म्हणाले, आणि गाडीत कोकमं, दुपटी, बॅटऱ्यांची पोतडी भरायला लागले. ओलसर पापडसुद्धा काकींकडून मागून आणले. काकी नको नको म्हणत होत्या. मी ओरडले. बाबांनी मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. "माणूस तर गेला. आमी धावलाव म्हणान परत येतला काय? वाट तीच आसा मा."

आई पापडांची पिशवी मांडीवर घेऊन पुढे बसली.

आचऱ्याला काकींची मुलगी हसत बाहेर आली. आईचा चेहरा बघून थबकली. बाबांनीच सांगितलं, "हिची भयण गेली. तिकडेच चल्लव." पिशवीकडे पुढे झालेले तिचे हात मागे गेले. मयताला निघालेल्या माणसाच्या हातचं खाणं कोण घरात घेईल? शेवटी तिने पिशवी बाहेरच्या कठड्यावर ठेवून घेतली. देवगडात दुकान उघडलं नव्हतं. दुकानदार येईपर्यंत बाबा पोतडी घेऊन पायरीवर उभे राहिले.

पुढे उतार लागले आणि बाबांनी सवयीने इंजिन बंद केलं. तेव्हा आम्हाला आईचं रडणं ऐकू आलं. चढावर इंजिन सुरू झालं की ते बुडून जायचं, उतारावर पुन्हा वर यायचं. ती वाटभर रडत होती.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण मोकळं होतं. पुरुष मसणात गेलेले, बायका न्हाऊन ओल्या केसांनी बसलेल्या. माजघरात जिथे मावशीला ठेवलं होतं, तिथे जमिनीवर पीठ पसरून दिवा लावला होता. मावशीची सून आईच्या गळ्यात पडली. "मावशे, खूप वाट बगली. भट थांबाक तयार नाय. काल दिसभर नुसती दाराकडे बगी होती." आई दिव्यासमोर बसली. तिने पिठाला हात लावला नाही, फक्त त्याच्याकडे बघत राहिली.

दुपार कलल्यावर बाबा माजघराच्या दारात आले. बायकांसमोर बोलताना ते नेहमीच अदबशीर. आईला म्हणाले, "तू रव थोडे दीस. बाराव्या-तेराव्याक मी येतंयच, तेवा एकाच फेरीत तुकाय घेवन जातंय."

आई न वळता म्हणाली, "तुमी येव नकात. माज्या एकटेसाठी कशाक पेट्रोल जाळतास?"

मावशीच्या सुनेने पदर तोंडाला लावला. मी बाबांकडे बघत होते. आता तरी काही लागेल, आता तरी या माणसाला कळेल.

बाबांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांच्या संसारात बायको पहिल्यांदा समजूतदारपणे काहीतरी बोलली होती. "ता बाकी खरा," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन अंगणातल्या माणसांना विचारू लागले, मालवणच्या बाजूला कुणी येणार आहे का, एक जागा रिकामी आहे.