डावा खांदा

सून घरात आली ती शिवणकामाचं सर्टिफिकेट घेऊनच. रोह्याला वर्षभर कोर्स केलेला. पेणच्या बाजारात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान बावीस वर्षं चाललंय आणि मला शिकवायला कुणी मास्तर नव्हता. सर्टिफिकेट दुकानात लावू का, असं तिने विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं, "भिंतीवर जागा नाय." शिक्का मारलेला कागद दिसला की गिऱ्हाईक कुणाच्या हातात कापड देईल, एवढं कळायला कोर्स लागत नाही.

मी शिकले ते आईचा ठेवणीतला ब्लाऊज चोरून उसवून. आई खाडीकाठी मिठागरावर कामाला जायची. ती नसताना मी तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने आखले. डावा खांदा उजव्यापेक्षा पाव इंच खाली कापलेला होता. का, ते माझं मीच शोधून काढलं: डाव्या खांद्यावर पदर येतो, तो नीट बसायला नको? स्वतःच्या अकलेवर मी भलतीच खूश झाले. त्याच मापाने आईला नवीन ब्लाऊज शिवून दिला. उसवल्याचा राग विसरून ती म्हणाली, "कसा अंगाबरोबर बसला गो! तुला आता कुणाकडं शिकायला नको."

तेव्हापासून गिऱ्हाईक मापाला जुना ब्लाऊज आणून टाकायचं आणि मी त्यावरून कापायचे, शेवटी डावा खांदा तेवढा पाव इंच उतरवायचे. वरून पदर, त्यामुळे तक्रार नाही. पंजाबी ड्रेस मात्र मला कधी जमले नाहीत. डावीकडे ओढतो, असं मुली म्हणायच्या. मोबाइल धरून वाकड्या उभ्या राहतात, ड्रेस बिचारा काय करणार!

सुनेने ड्रेस शिवायला घेतले आणि त्यांचा ढीग लागला. शिवाय मी जरा उठले की ती माझ्या तयार ब्लाऊजांना टेप लावायची, वहीत काहीतरी लिहायची, मी दिसले की वही मिटायची. पाणी कुठेतरी मुरत होतं. उद्या ही वडखळला स्वतःचं दुकान टाकेल आणि माझी गिऱ्हाइकं तिकडे नेईल, याची मला खात्रीच झाली.

ती कासूला माहेरी गेली त्या दिवशी मी वही उघडली. लिहिलं होतं: "आईंनी शिवलेले ब्लाऊज. डावा खांदा पाव इंच खाली. सगळ्यांचा. चूक का युक्ती? विचारायचं, पण रागावतील."

रागावलेच. ती परत आली, पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही. "चूक? पदर कुठल्या खांद्यावर घेतेस गो तू?"

"कोर्सात असं शिकवलं नाय, आई. तुम्हाला कोणी दाखवलं?"

आईच्या ब्लाऊजचे ते तुकडे मी अजून जपून ठेवलेत. पुरावा म्हणून तिच्यासमोर टाकले. तिने डावा उजव्यावर ठेवला, कडा जुळवून पाहिल्या आणि हळूच विचारलं, "ज्यांचा हा ब्लाऊज, त्यांच्या खांद्याला काय लागलेलं का?"

मी लहान असताना आई मिठाची पाटी घेऊन बांधावरून पडली होती. हात चालू लागला, खांदा मात्र उतरता राहिला. जन्मभर डोळ्यांसमोर होता, म्हणून तो वाकडा आहे हे मला कधी दिसलंच नाही. कुणा शिंप्याला दिसलं, कारण त्याने तिला समोर उभी करून माप घेतलं होतं. मला फार लाज वाटली. आईने मला पास केलं होतं ते खरंच होतं, पण तिच्या एकटीपुरतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावची जुनी गिऱ्हाईक आली आणि नेहमीसारखा मापाचा ब्लाऊज टाकून निघाली. तो मीच शिवलेला. मी टेप घेऊन उठले. "थांब गो. सरळ उभी रहा."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "इतक्या वर्षांत कधी टेप लावली नाय. आजच काय झालं?"

सून मान खाली घालून मशीनवर बसली होती, पण मशीन थांबलं होतं.

"शिकतेय," मी म्हटलं.